टॉम कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात मी दोन दिवस सुट्टी टाकून नाशिकला मावशीकडे गेले होते. निमित्त एका फॉर्मचं. मावशीचा मुलगा, आमचा सोनू, आता चोवीस वर्षांचा आहे. तो ऑटिस्टिक आहे. अठरा पूर्ण झाली तेव्हा कायद्याने तो सज्ञान झाला, आणि आजोबांनी त्याच्या नावावर केलेली मुदत ठेव तेव्हापासून बँकेत अडकून पडली आहे, कारण त्याची सही दर वेळी वेगळी येते. त्यावरचा उपाय म्हणजे कायदेशीर पालकत्व. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा त्यासाठीच आहे. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायचा, म्हणजे शेवटी कलेक्टर ऑफिसात.

लॅपटॉप उघडून मी एकेक रकाना वाचत होते आणि मावशी उत्तरं देत होती. पालकाची गरज का आहे, या प्रश्नाशी ती थांबली.

“बारा वर्षं शाळेशाळेत जाऊन सांगत होते की बाई, याला कळतं सगळं. आता सरकारला लिहून देऊ की याला काही कळत नाही?”

मला काही सुचेना. ती चहा टाकायला उठली. बाहेर झोपाळ्यावर सोनू शेजारच्या काकांच्या पाहुण्यांना जन्मतारखा विचारत होता.

हे त्याचं वैशिष्ट्य. तुम्ही तारीख सांगायची, तो वार सांगतो. लग्नात, बारशाला, गणपतीत, कुठेही गेला तरी आधी त्याला हे करायला लावतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला याच कामाचा सी प्रोग्राम होता. झेलर नावाच्या जर्मन गृहस्थाचं एकोणिसाव्या शतकातलं सूत्र, बारा-पंधरा ओळींचं काम. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. ४०० वर्षांचे दिवस होतात १,४६,०९७. त्याला सातने पूर्ण भाग जातो, म्हणून दर ४०० वर्षांनी कॅलेंडर हुबेहूब तेच येतं. सुट्टीत घरी येऊन मी सोनूची आणि माझ्या प्रोग्रामची शर्यत लावली. मी टाइप करेपर्यंत तो जिंकायचा. भागाकार मात्र त्याला आजही येत नाही. अशा लोकांवर झालेल्या अभ्यासांत असंच दिसतं: सूत्र कुणी शिकवलेलं नसतं, पण कॅलेंडर इतकं पाहिलेलं, घोळवलेलं असतं की त्यातली पुनरावृत्ती अंगात मुरते.

एक कबुली आधीच देते. तीन वर्षांपूर्वी मी त्याचं रील करून टाकलं होतं. ‘ह्यूमन कॅलेंडर’ असं नाव देऊन. आठवड्याभरात साठ हजारांवर लोकांनी पाहिलं. कमेंटींचा पाऊस पडला: देवाची देणगी, एक दार बंद तर दुसरं उघडं, वगैरे. त्याला मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

तर त्या रात्री फॉर्म अर्धवट ठेवून मी पालकत्व आणि सॅव्हंट सिंड्रोम असं काहीतरी शोधत बसले. (फोनचा कीबोर्ड सॅव्हंटचं सारखं ‘सावंत’ करत होता.) विकासात्मक अपंगत्व किंवा मेंदूचा एखादा आजार असलेल्या माणसात एखादीच क्षमता चकित व्हावं इतकी मोठी असणं, याला सॅव्हंट सिंड्रोम म्हणतात. संगीत, चित्रं, कॅलेंडर, हिशोब, यंत्रांची जोडणी, पाठांतर. यादी साधारण एवढीच असते आणि दीडशे वर्षं तशीच आहे. त्या शोधात मला टॉम सापडला, आणि त्याच्याबरोबर कागदांचा एक गठ्ठा.

*

थॉमस विगिन्सचा जन्म २५ मे १८४९ चा, अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियातल्या एका मळ्यावरचा. आई चॅरिटी, वडील मिंगो, दोघं गुलाम. पोरगं जन्मांध. १८५० मध्ये मळ्याच्या मालकाने माणसं विकायला काढली तेव्हा कोलंबस गावच्या जेम्स बेथ्यून नावाच्या माणसाने हे कुटुंब घेतलं. बेथ्यून वकील होता, वर्तमानपत्र चालवायचा, आणि दक्षिणेने अमेरिकेतून फुटून निघावं असं उघड लिहिणाऱ्यांपैकी होता. आंधळ्या टॉमची वेगळी किंमत कुणी लावली नाही, तो आईबरोबर फुकटात आला, असं सांगितलं जातं. हा पहिला कागद.

पोर आवाजांचं वेडं होतं. कोंबडा, पाऊस, आगगाडी, ऐकेल ते तोंडाने काढायचं. बोलणं मात्र फारसं नाही, आणि बोललं तरी स्वतःविषयी ‘टॉमला’ असंच. (आमच्याकडे ‘सोनूला पोहे’.) बेथ्यूनच्या मुली पियानो वाजवायच्या. चारेक वर्षांचा टॉम त्या पियानोपाशी पोहोचला आणि ऐकलेले तुकडे वाजवू लागला. ऑक्टोबर १८५७ मध्ये, वय वर्षं आठ, त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम कोलंबसमध्ये झाला.

इथून दुसरा कागद. बेथ्यूनने त्याला पेरी ऑलिव्हर नावाच्या कार्यक्रम-ठेकेदाराला भाड्याने दिलं. तीन वर्षांचे १५,००० डॉलर असा आकडा अनेक ठिकाणी दिलेला आहे. फुकट आलेल्या पोराचे. ऑलिव्हर त्याला गावोगाव फिरवायचा, कधी कधी दिवसातून चार-चार खेळ. १८६० मध्ये तो व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांच्यापुढे वाजवून आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कला त्याच्या नावावर दोन रचना छापून निघाल्या. एकीचं नाव ‘ऑलिव्हर गॅलप’. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आपल्या ठेकेदाराच्या नावाने धून कराविशी वाटली, की ठेकेदाराला तसं वाटलं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

कार्यक्रम कसा असे, याची बरीच वर्णनं आहेत. टॉम एका हाताने एक गाणं, दुसऱ्या हाताने दुसरं वाजवायचा आणि तोंडाने तिसरं म्हणायचा, तिन्ही वेगवेगळ्या चालींत. पियानोकडे पाठ करून वाजवायचा. मग प्रेक्षकांना आव्हान: कुणीही वर या, टॉमने कधी न ऐकलेलं काहीही वाजवा. ते झालं की टॉम तेच परत वाजवून दाखवणार. कादंबरीकार रिबेका हार्डिंग डेव्हिसने १८६२ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त त्याच्यावर लेख लिहिला. मार्क ट्वेनने १८६९ मध्ये लिहिलं. ट्वेनला तो आधी आगगाडीत भेटला होता: समोरच्या बाजूला एक धिप्पाड काळा माणूस पुढे-मागे झुलत, तोंडाने गाडीचा खडखडाट काढत, तासन् तास. वेडा असावा म्हणून ट्वेनने सोडून दिलं. नंतर तोच माणूस रंगमंचावर दिसला आणि ट्वेन ओळीने तीन रात्री ऐकायला गेला. प्रत्येक वादन संपलं की टॉम स्वतःच टाळ्या वाजवायचा, हे त्याला फार गमतीचं वाटलं होतं.

मला ट्वेनचा तो आगगाडीचा भाग पुन्हा वाचावासा वाटला. गाडीत तेच झुलणं, तेच आवाज म्हणजे वेड. त्याच माणसाला पियानोवर बसवलं, तिकीट लावलं, की चमत्कार.

*

गमतीचा भाग असा की ‘न शिकलेला चमत्कार’ ही सगळी जाहिरात होती. टॉमला शिकवलं जात होतं. बेथ्यून व्यावसायिक संगीतकारांना बोलावून त्याच्यापुढे वाजवायला लावायचा, दौऱ्यांवर शिक्षक बरोबर असत, नवनवीन रचना सतत कानांवर घातल्या जात, आणि तो रोज तासन् तास पियानोवर बसायचा. बाख, बीथोव्हेन, शोपँ, लिस्ट असा त्याचा साठा होता. एखाद्या पांढऱ्या मुलाबाबतीत यालाच आपण रियाझ म्हटलं असतं. पण जाहिरातीत रियाझ आला की चमत्कार उणा होतो. शिवाय टॉमने काही कमावलं आहे असं म्हटलं, तर ती कमाई त्याची आहे असंही म्हणावं लागतं.

त्याच्या रचनाही होत्या. ‘द रेन स्टॉर्म’ ही त्याची अगदी लहानपणची रचना, पावसाचा आवाज ऐकून केलेली. सगळ्यात गाजली ती ‘बॅटल ऑफ मनासस’. जुलै १८६१ मध्ये यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई झाली, दक्षिण जिंकली. घरात त्या लढाईची वर्णनं होत राहिली आणि बाराएक वर्षांच्या टॉमने ती ऐकून एक लांबलचक तुकडा रचला. दुरून येणारे ढोल, दोन्ही सैन्यांची गाणी, तोंडाने काढलेली आगगाडीची शिट्टी. आणि तोफ उडायची तिथे डाव्या हाताच्या तळव्याने खालच्या सगळ्या पट्ट्या एकदम दाबायच्या. पाश्चात्त्य संगीतात असे सुरांचे गठ्ठे वापरायला प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकात, तेही आधुनिक म्हणवणाऱ्या संगीतकारांमुळे. टॉमचं ते ‘नक्कल’ म्हणून गणलं गेलं. आणि त्याला गुलाम ठेवू पाहणाऱ्या बाजूच्या विजयाचं हे संगीत वाजवून त्या बाजूच्या सैन्यासाठी पैसे उभे केले गेले. कुणी कुणाकडून काय करून घेतलं, याचा याहून चोख नमुना मी तरी वाचलेला नाही.

*

१८६५ मध्ये दक्षिण हरली, गुलामगिरी संपली. टॉम सोळा वर्षांचा होता. बेथ्यूनने हालचाल आधीच केलेली होती. मिंगो आणि चॅरिटीकडून त्याने करार लिहून घेतला: मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याचा ताबा आणि कार्यक्रम बेथ्यूनकडे. दोघंही कालपर्यंत त्याच माणसाची मालमत्ता होते, तेव्हा ‘राजीखुशीने’ या शब्दाचं काय करायचं ते तुम्ही बघा.

त्याच उन्हाळ्यात ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत खटला उभा राहिला. टॅब्स ग्रॉस नावाचा एक काळा ठेकेदार, स्वतः पैसे भरून गुलामीतून सुटलेला, कोर्टात गेला. बेथ्यूनने टॉमचं व्यवस्थापन आपल्याला द्यायचं कबूल केलं होतं आणि मग शब्द फिरवला, असं त्याचं म्हणणं. कोर्टाने निकाल दिला बेथ्यूनच्या बाजूने. ग्रॉस हा काही संत नव्हता, त्यालाही तिकीटविक्रीच दिसत होती. पण गुलामगिरी रद्द झालेल्या देशात, गुलामी कधी नसलेल्या राज्यात, दोन माणसं एका तिसऱ्या माणसासाठी भांडतात आणि कोर्ट तो जुन्या मालकाकडे परत देतं, हे मला दोनदा वाचावं लागलं.

पुढच्या वर्षी युरोपचा दौरा झाला. मोशेलेस आणि चार्ल्स हॅले या नावाजलेल्या पियानोवादकांनी त्याची परीक्षा घेतली, प्रशस्तिपत्रं दिली. ती पुस्तिकेत छापून कार्यक्रमात विकली गेली. त्याच १८६६ मध्ये एदुआर सेग्याँ या डॉक्टरने मतिमंद मुलांच्या शिक्षणावरच्या आपल्या ग्रंथात टॉमचा उल्लेख केला. म्हणजे एकीकडे संगीतकारांचं सर्टिफिकेट, दुसरीकडे डॉक्टरांची नोंद. दोन्हींचा उपयोग होणार होता.

मे १८७० मध्ये टॉमला एकवीस पूर्ण झाली, करार संपला. आता पोर कायद्याने मोकळं. त्याच उन्हाळ्यात बेथ्यूनच्या मुलाने, जॉनने, व्हर्जिनियातल्या कोर्टातून टॉम मानसिकदृष्ट्या असमर्थ असल्याचं ठरवून घेतलं आणि स्वतःला त्याचा पालक नेमून घेतलं.

इथे मी फोन खाली ठेवला. शेजारच्या खोलीत सोनू झोपला होता आणि टेबलावर आमचा अर्धा फॉर्म होता.

तिकीट विकायला टॉम अलौकिक हवा होता. ताब्यात ठेवायला तो असमर्थ हवा होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल, एकाच वेळी, एकाच घरातून सांगितल्या जात होत्या, आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नव्हती, कारण ‘इडियट पण प्रतिभावान’ असं म्हटलं की दोन्ही एकाच वाक्यात बसत होतं. टॉमला काही गोष्टी खरंच जमत नसाव्यात. त्याला सांभाळणारं कुणीतरी लागत असणारच. पण तो वर्षाला हजारो डॉलर मिळवून देत होता (एक लाखापर्यंतचे आकडे दिले जातात), आणि त्याच्या आईवडिलांच्या घरी त्यातलं जे पोहोचलं ते जवळजवळ नाहीच.

जॉन बेथ्यूनने पुढे न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरमालकिणीशी, एलायझाशी लग्न केलं. ते मोडलं. १८८४ मध्ये जॉन रेल्वेखाली सापडून मेला. मृत्युपत्रात बायकोला काही ठेवलं नव्हतं, आणि टॉम परत म्हाताऱ्या जनरल बेथ्यूनकडे गेला. तेव्हा एलायझाने जॉर्जियातून चॅरिटीला आणलं. आईच्या नावाने खटला उभा केला. मुलगा आईला मिळाला पाहिजे, यावर कोण काय बोलणार? १८८७ मध्ये कोर्टाने बेथ्यूनचा हक्क संपवला, आणि टॉम एलायझाच्या हवाली झाला. वर्तमानपत्रांनी शेवटचा गुलाम सुटला असं लिहिलं. कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. चॅरिटी काही काळाने जॉर्जियाला परतली, एकटी.

*

आता हा योगायोग बघा. त्याच १८८७ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी वैद्यकीय सभेपुढे व्याख्यानं दिली आणि ‘इडियट सॅव्हंट’ हा शब्द वापरला. डाउन सिंड्रोम ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे. ‘इडियट’ ही त्या काळी शिवी नव्हती, बौद्धिक अपंगत्वाची सगळ्यात खालची वैद्यकीय पायरी होती; ‘सॅव्हंट’ म्हणजे फ्रेंचमध्ये विद्वान. नव्वदएक वर्षं हाच शब्द चालला. १९७८ मध्ये बर्नार्ड रिमलंडने ‘ऑटिस्टिक सॅव्हंट’ म्हटलं (त्याच्या पाहणीत ५,४०० ऑटिस्टिक मुलांपैकी ५३१ जणांच्या पालकांनी काही ना काही खास क्षमता सांगितली होती), आणि पुढे डॅरोल्ड ट्रेफर्टमुळे सॅव्हंट सिंड्रोम रुळलं.

डाउन यांनी सांगितलेल्या मुलांपैकी एक मला विसरता येत नाही. त्याला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा गिबनचा ग्रंथ तोंडपाठ होता. पहिल्यांदा वाचताना तिसऱ्या पानावर त्याची एक ओळ चुकून सुटली होती, ती लक्षात आल्यावर त्याने मागे जाऊन वाचली. त्यानंतर दर वेळी म्हणताना तो तिथे तीच ओळ सोडायचा, मागे जायचा, दुरुस्त करायचा आणि पुढे जायचा. चूकही पाठ झालेली. डाउन यांना यात दिसली ती अर्थाविना चालणारी स्मृती. असेलही. पण त्या मुलाला गिबन आवडायचा का, हे कुणी नोंदवलेलं नाही. तसा रकानाच नव्हता.

डाउन याआधी दहा वर्षं अर्ल्सवुडच्या आश्रमाचे प्रमुख होते. तिथे जेम्स हेन्री पुलन राहायचा. टॉमपेक्षा वयाने चौदा वर्षं मोठा, गोरा, इंग्रज, गुलाम वगैरे काही नाही. जवळजवळ बहिरा, बोलणं फार थोडं. हात मात्र असे की आश्रमाने त्याला स्वतःची कार्यशाळा दिली. सात वर्षं खपून त्याने ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाची दहा फुटी प्रतिकृती केली, ५,५८५ रिव्हेट आणि १३ लाइफबोटींसकट. १८८३ च्या लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं. राजवाड्यातून त्याला कोरायला हस्तिदंत यायचे, मोठमोठे लोक येऊन बघून जायचे. नावडत्या माणसासाठी त्याने दाराच्या वर पाडायचा सापळाही करून ठेवला होता म्हणतात. मला हा पुलन फार आवडतो.

त्याला एकदा बाहेर जायचं होतं. गावातली एक बाई त्याला आवडली होती, लग्न करायचं म्हणून तो हटून बसला. व्यवस्थापनाने काय करावं? सोनेरी फितीचा, नौदलाच्या ॲडमिरलचा झोकदार पोशाख शिवून घेतला, त्याला बोलावलं आणि सांगितलं: आश्रमात राहशील तर तुला ॲडमिरल नेमतो. त्याने पोशाख घेतला. लग्नाचा विषय पुन्हा काढला नाही. ही गोष्ट पुस्तकांत गमतीचा किस्सा म्हणून येते. तो १९१६ मध्ये वारला, आश्रमातच, साठाहून जास्त वर्षं तिथे काढून.

या सगळ्याची पाळंमुळं आणखी मागे जातात. १७८९ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी टॉमस फुलर नावाच्या वृद्ध गुलामाबद्दल लिहिलं. चौदाव्या वर्षी आफ्रिकेतून पकडून आणलेला, लिहिता-वाचता न येणारा. त्याला विचारलं: सत्तर वर्षं, सतरा दिवस, बारा तास जगलेल्या माणसाने किती सेकंद काढले? दीड मिनिटात उत्तर आलं, २,२१,०५,००,८००. कागदावर हिशोब करणारा गृहस्थ म्हणाला, आकडा मोठा येतोय. फुलर म्हणाला, तुम्ही लीप वर्षं विसरलात. (मी तपासलं. सतरा लीप दिवस धरून बरोबर तेवढेच येतात.) सॅव्हंटांच्या इतिहासात फुलरचं नाव नेहमी पहिल्या पानावर असतं. पण त्याला कुठलं अपंगत्व होतं? लिहिता न येणं आणि काळं असणं, एवढंच. आफ्रिकेतून येताना तो तोंडी हिशोब शिकून आला असेल, हे त्या काळी कुणाच्या मनात आलं नाही. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही त्याला काही आलं की तो चमत्कार होतो.

*

टॉमबद्दल १८८९ मध्ये अफवा उठली की जॉन्सटाउनच्या महापुरात तो वाहून गेला. ती इतकी पसरली की पुढे खरा टॉम वाजवायला आला तरी लोक म्हणायचे, हा तोतया. १९०५ पर्यंत तो अधूनमधून रंगमंचावर दिसत राहिला. १३ जून १९०८ ला न्यूयॉर्कच्या पलीकडे होबोकेनमध्ये, एलायझाच्या घरी वारला. ग्रामोफोन तोवर घरोघर पोहोचत होता, पण टॉमचं एकही ध्वनिमुद्रण नाही. एकदा ऐकलेलं काहीही परत वाजवणाऱ्या माणसाचं वादन आज आपल्याला फक्त इतरांनी लिहून ठेवलेल्या सुरावटींवरून ऐकता येतं. त्यातल्या काही तर दुसऱ्याच नावांनी छापलेल्या.

ब्रुकलिनच्या दफनभूमीत त्याला पुरलं. कोलंबसचे लोक म्हणतात, नाही, त्याला इकडे आणलं होतं, आणि त्यांनीही दगड उभारला आहे. म्हणजे ते भांडण अजून मिटलेलं नाही.

‘रेन मॅन’ मी कॉलेजात पाहिला होता. माझ्यासारखं तुम्हालाही त्यातल्या खाली सांडलेल्या २४६ टूथपिक आणि कॅसिनोतले पत्ते आठवत असतील. तो परत पाहिला तेव्हा लक्षात आलं की गोष्ट टूथपिकची नाहीच. धाकटा भाऊ इस्टेटीच्या पैशांसाठी थोरल्याला संस्थेतून पळवतो आणि त्याच्या ताब्यासाठी भांडतो, ही गोष्ट आहे. ज्या किम पीकवरून हे पात्र सुचलं त्याच्या आईवडिलांना डॉक्टरांनी मुलाला संस्थेत टाकायचा सल्ला दिला होता. त्यांनी तो मानला नाही. सिनेमानंतर वडील त्याला घेऊन देशभर फिरले, लोक तारखा आणि पिनकोड विचारायचे, पटकथाकाराने आपला ऑस्करचा पुतळा त्याच्याकडे देऊन टाकला होता. किमला लोकांना भेटणं मनापासून आवडायला लागलं होतं, असं दिसतं. म्हणजे कार्यक्रम करणं हेच वाईट, असंही मला म्हणता येत नाही. टॉमसुद्धा पियानोपासून दूर ठेवलं की कासावीस व्हायचा.

आपल्याकडे ‘तारे जमीं पर’मध्ये ईशान शेवटी चित्रकलेची स्पर्धा जिंकतो तेव्हा मी ढसाढसा रडले होते. आता वाटतं, तो दुसरा-तिसरा आला असता तर?

*

दुसऱ्या दिवशी आम्ही फॉर्म पुरा केला. कायद्यात एक कलम आहे ते मी मावशीला वाचून दाखवलं: पालकाने सहा महिन्यांत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर वर्षी हिशोब. तिला राग आला. “माझ्या पोराच्या पैशाचा हिशोब मी देऊ?” मग मी तिला चॅरिटीची गोष्ट सांगितली. सगळी नाही, खटल्यापुरती. ती बराच वेळ गप्प होती. म्हणाली, “मी असेपर्यंत ठीक आहे गं. माझ्यामागे जो कोण येईल त्याच्याकडून मात्र घ्या हिशोब.” गरज का आहे त्या रकान्यात आम्ही बँक, सही आणि व्यवहार एवढंच लिहिलं. बाकी काही कळत नाही असं कुठेही लिहिलं नाही.

निघायच्या आधी मी सोनूजवळ झोपाळ्यावर जाऊन बसले.

“२५ मे १८४९?”

“शुक्रवार.”

“१३ जून १९०८?”

“शनिवार. ताई, कोणाचा वाढदिवस?”

“टॉमचा. तो पियानो वाजवायचा.”

“टॉम येणार?”

“नाही रे.”

मग मी फोन काढून त्याला ते जुनं रील दाखवलं. म्हटलं, हे मी लोकांना दाखवलं होतं, तुला न विचारता. ठेवू की काढू? त्याने ते तीनदा पाहिलं. चौथ्यांदा मध्येच थांबवून स्क्रीनवर बोट ठेवलं.

“पंखा जुना आहे. पंखा बदलला.”

खरंच बदलला होता. मी परत विचारलं, ठेवू की काढू. तो उठून आत गेला, नवा पंखा लावून बघून आला आणि म्हणाला, “सोनू नवीन पंख्याचा करेल.” कधी, ते मी विचारलं. त्याने तारीख सांगितली, वार सांगितला. त्या दिवसाची रजा मी टाकली आहे.